तसबीरबुवा आणि तिसरी रेघ

१९५३ सालच्या दसऱ्यानंतरचा सोमवार. रक्कम रुपये तीस. हजर पाच जण: मी, माझी आई, माझे धाकटे काका, तसबीरबुवा आणि त्यांचा मुलगा गजानन. जागा गोंदियाच्या बाजारातली बुवांची चित्रशाळा. माझे वडील वारून दोन वर्षे झाली होती. त्यांची तसबीर बुवांनी काढायची, उंची तीन फूट, रुंदी दोन फूट, चौकटीसकट, असे ठरले. मी विसार म्हणून पाचाची नोट पुढे केली. बुवांनी ती बोटाने माझ्याकडे परत सरकवली.

"खिशात ठेव बाबू. अजून तुझा बाप आला कुठं?"

मी तेव्हा गोंदियातल्याच एका राईस मिलमध्ये वजनकाट्यावर होतो. पोती मोजायची आणि वजने लिहायची हे माझे काम. रोज शंभर व्यापारी बघायचो, पण समोर आलेला विसार परत करणारा माणूस तोवर पाहिला नव्हता. काका तर घाबरलेच. त्यांना वाटले, बुवांना हे काम नको आहे. गजाननने फक्त वर छताकडे पाहिले. त्याचे हे सगळे जन्मापासून ऐकून झालेले होते.

ही चित्रशाळा बुवांच्या आजोबांची. रेल्वे आली त्या सुमाराला ते नागपूरकडून देवळांच्या भिंती रंगवत आले आणि इथेच राहिले. त्यांच्या मुलाने गेलेल्या माणसांच्या तसबिरी काढायला सुरुवात केली. बुवा तिसरे. रस्त्याच्या बाजूला चौकटींचे दुकान आणि त्यामागे लांबट दालन. मी ते पावलांनी मोजले होते: बेचाळीस फूट लांब, नऊ फूट रुंद. दोन्ही भिंती खालपासून वरपर्यंत तसबिरींनी भरलेल्या; घरात जागा नाही म्हणून लोकांनी पैसे देऊनही इथेच ठेवलेल्या. मालगुजार, मास्तर, विडी कारखान्यातले मुनीम, फेटेवाले पाटील, नऊवारीतल्या बायका. आत जायला पैसे पडत नसत. बाजाराला आलेला, गाडी चुकलेला, उन्हाने कावलेला कोणीही आत यायचा, माठातले पाणी प्यायचा आणि बाकावर बसून भिंतीकडे पाहत राहायचा. जवळच्या गोरेगावकडच्या आमच्या खेड्यांतल्या लोकांना गोंदिया म्हणजे मोठे शहर, आणि त्या शहरात तिकिटाशिवाय बघण्यासारखी एवढी एकच जागा होती.

बुवांच्या घराण्याचा नियम असा होता. तसबीर पुरी झाली की ती नाव न लिहिता दाराजवळच्या खुंटीला टांगायची. येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी तिघांनी, न विचारता, आपण होऊन म्हटले पाहिजे की हा अमुक. ते तिघे त्या घरचे नकोत, आणि एकत्र आलेलेही नकोत. एकेकाने ओळखले की बुवा चौकटीमागे खडूची एक रेघ ओढत. तीन रेघा झाल्या की बुवांच्या भाषेत तो माणूस "आला". मग पैसे घ्यायचे आणि तसबीर द्यायची. तोपर्यंत तो माणूस "वाटेवर" असे. कधी आठ दिवस लागत, कधी वर्ष. घाई करणाऱ्याला बुवा म्हणत, "रंगाचे पैसे घेत नाही मी. मानूस आनून देण्याचे घेतो. आला नाही तं कायचे देशील?"

विचारायचे मात्र नाही, यावर त्यांचा फार कटाक्ष. कोणी तसबिरीपुढे थांबला की बुवा मुद्दाम दुसरीकडे पाहत, ब्रश धूत बसत. एकदा मी त्यांच्याजवळ बसलो होतो. एक शेतकरी एका बाईच्या तसबिरीपुढे बराच वेळ उभा राहिला. मला राहवेना. मी विचारणार तोच बुवांनी माझ्या मांडीवर हात दाबला. तो शेतकरी काही न बोलता निघून गेला.

"विचारलं असतं तर सांगितलं असतं त्याने," मी म्हणालो.

"विचारलं असतं तं तुले बरं वाटावं म्हनून हो म्हनला असता. आपल्याकडचे लोक गरीब हायेत बाबू, नाही म्हनत नाहीत. त्या हो ले वजन नाही. तू काट्यावरचा मानूस, तुले समजाले पायजे."

मला ते समजले. तेव्हापासून मला बुवा आवडू लागले.

दालनाच्या अगदी टोकाला, जिथे उजेड कमी, तिथे एक आडवी भिंत होती. तिच्यावर तीनच तसबिरी. ज्यांना कधीच कोणी ओळखले नाही ते. दोन बुवांच्या आजोबांच्या हातच्या, एक वडिलांच्या हातची. कोणी काढायला सांगितल्या होत्या, ते लोक कुठे गेले, हे बुवांनाही ठाऊक नव्हते. या भिंतीला ते "वाट चुकलेले" म्हणत. गजानन म्हणे, त्या काढून टाका, चौकटी तरी कामाला येतील. बुवा दर शनिवारी त्या तिघांची धूळ स्वतः पुसत. हिरव्या लुगड्यातली एक बाई होती, तिच्या काचेवरून फडके फिरवताना म्हणत, "कोनाची तरी माय हाय रे ही. कोनी येईन." चाळीस वर्षांच्या कामात त्या भिंतीवर बुवांच्या स्वतःच्या हातची एकही तसबीर गेलेली नव्हती. ते हे बोलून दाखवत नसत. मला गजाननने सांगितले, आणि सांगताना त्याच्या आवाजात अभिमान होता. एरवी तो बापाबद्दल वैतागून बोलायचा.

रस्त्याने जाताना बुवा लोकांच्या नाकांकडे पाहत. परक्या माणसाला थांबवून विचारत, "तू अमक्याचा नातू काय?" आणि दहातले आठ वेळा ते बरोबर निघे. फोटो नसलेल्या माणसाची तसबीर काढायची झाली तर ते त्याच्या भावाला, मुलाला, बहिणीला बोलावून समोर बसवत. नाक घराण्याचे, कपाळ घराण्याचे, आणि उरलेले घरच्यांनी सांगायचे, अशी त्यांची रीत. ब्रश पुसायला वेगळे फडके त्यांना कधी सापडत नसे, ते धोतराला पुसत. शनिवारपर्यंत धोतर असे होई की आमचे काका म्हणत, "बुवाची होळी बारा महिने चालते." ते धोतर धुणाऱ्या त्यांच्या बायकोला आम्ही काकी म्हणायचो. काकी चिकटवायचा सरस शिजवत, चौकटी जोडत आणि एक गोष्ट बाहेर फार कोणाला माहीत नव्हती, ती म्हणजे तसबिरीतल्या खुर्च्या, पडदे, झाडे, आभाळ हे सगळे त्याच रंगवत. "तोंड त्यायचं, बाकी सारं माझं," असे त्या सांगत.

तर आमच्या घरात वडिलांचा फोटो नव्हता. माझ्या लग्नातला अकरा माणसांचा एक फोटो होता. त्यात डावीकडून तिसरे वडील. ऐन वेळी ते हलले, आणि तोंडाच्या जागी पांढरा धूर तेवढा आला. आईला दोन वर्षे तोच धूर दाखवून आम्ही समजूत काढत होतो. ती काही म्हणत नसे. फक्त पितृपक्षात पाटावर सुपारी ठेवली की म्हणे, "सुपारीले का नाक-डोळे असतेत?" म्हणून मी तीस रुपये बाजूला काढले होते. माझा पगार तेव्हा महिना बावन्न.

त्या पहिल्या सोमवारी बुवांनी मला समोर बसवले आणि म्हणाले, "बोल."

"उंची पाच फूट पाच इंच," मी म्हणालो. "वजन एक मण सोळा शेर, आमच्याच काट्यावर घेतले होते. मिशी दीड इंच. उजव्या बाजूला टक्कल, रुपयाएवढे."

बुवांनी शांतपणे ऐकून घेतले. "तू तं धानाचा बोरा तोलून राहिला बाबू. चेहरा बोल. हसे तं कसा दिसे?"

मी आठवू लागलो. तीस वर्षांचा मी, त्यातली अठ्ठावीस वर्षे बापाच्या घरात काढलेली, आणि मला त्यांचे हसणे आठवेना. ते हसत नसत असेही नाही. मी पाहिले नव्हते, एवढेच. काकांनी मग पुष्कळ सांगितले, पण ते सगळे वडिलांच्या रागाबद्दल होते. आई दाराशी पदर पुढे ओढून बसली होती. तिला कोणी विचारले नाही आणि ती बोलली नाही.

पहिली तसबीर माघात टांगली. आठ दिवसांत तिघांनी ओळखली, असे बुवांच्या कानावर गेले. बुवा मिलवर निरोप पाठवणार इतक्यात गजाननने त्यांना सांगितले की तिघेही एकच म्हणत होते: हा काट्यावरचा बाबू, म्हातारा करून काढला आहे. बुवांनी माझ्या चेहऱ्यावरून वडील काढले होते आणि झालो मीच. त्यांनी ती भिंतीकडे तोंड करून ठेवली.

दुसऱ्या वेळी त्यांनी काकांना बसवले. ही तसबीर होळीच्या सुमारास लागली. आता चित्रशाळेत टांगलेला माणूस म्हणजे गेलेला माणूस, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत. तिरोड्याकडचे आमचे एक सोयरे बायकोला घेऊन गोंदियाला आले होते. त्यांनी खुंटीवर आमच्या काकांना पाहिले. ते बुवांशी एक शब्द बोलले नाहीत. तसेच गाडीत बसून संध्याकाळच्या आत आमच्या गावी पोचले. गल्लीच्या तोंडापासूनच बाईने गळा काढला. काका ओट्यावर दोरी वळत बसले होते. ते लगबगीने उठून सामोरे गेले.

"कोन गेलं वो? कोन गेलं?"

सोयरे जागच्या जागी उभे राहिले. "तुमीच गेले ना भाऊ!"

दुसऱ्या दिवशी काका पहिल्या गाडीने गोंदियाला. मी मिलमधून सुटून पोचलो तेव्हा ते दालनात उभे राहून ओरडत होते. "मी जिता हाव! उतरव मले! माझी बायको काल दोनदा मले हात लावून पायत होती!"

बुवांनी स्टुलावर चढून तसबीर उतरवली. मग काकांकडे बराच वेळ पाहिले. "चूक झाली. नाकाच्या भरवशावर राहिलो. बसा, चहा घ्या. जिते मानसं इकडं येतेत कुठं?"

काका चहा प्याले, पण तसबीर मागू लागले. म्हणाले, "काढलीच हाय तं देऊन टाका, पुढं कामी येईन." गजानन म्हणाला, "बाबा, द्या ना. पंधरा रुपयांत देऊ." बुवांनी दिली नाही. ज्याला आणायला सांगितले होते तो आला नाही, आणि जो आला त्याला कोणी बोलावले नव्हते, म्हणून. त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदा पाहिला. ते दोन-तीनदा दालनाच्या टोकाकडे बघत होते.

निघताना ते मला म्हणाले, "पुढच्या बाजारी मायले आन. एकलीले."

मी आईला घेऊन गेलो. ती नेहमीसारखी दाराशी बसली. बुवा तिच्यापासून दूर, तिच्याकडे पाठ करून बसले, म्हणजे तिला पदर ओढायला नको. काकी तिच्याजवळ बसल्या.

"बाई, तुमी सांगा. कसे होते?" बुवांनी विचारले.

आईने काकींकडे पाहिले. मग म्हणाली, "मी काय सांगू बाप्पा. मी त्यायच्या तोंडाकडं कधी पाह्यलंच नाई."

"तेहतीस वर्षांत?"

"सासू होती, सासरे होते, मंग दीर होते. तोंडाकडं कोन पाह्यते? वाढताना हात पाह्यला. बाकी पाठ पाह्यली."

"मंग पाठ सांगा."

आणि आई सांगू लागली. मी तिला एका दमात इतके बोलताना त्याआधी ऐकले नव्हते. आमच्या घराण्यात तलाव बांधायचे आणि राखायचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. गावचा तलाव वडील पाहायचे. पावसाळाभर रोज दोन वेळा पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, चक्कर. ते पुढे, आई मागे भाकरीचे गाठोडे घेऊन. फावडे नेहमी डाव्या खांद्यावर, म्हणून तो खांदा बोटभर खाली. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेले, उजव्या पोटरीवर म्हशीच्या शिंगाचा व्रण. मानेवर तीन आडव्या सुरकुत्या. टाचा फुटलेल्या. चालताना ते मागे वळून पाहत नसत.

"वळून कायले पाह्यतीन? लोक हासतीन ना. पन मी मागं पडली का थांबत. पान्याकडं पाह्यल्यासारखं करत. मान अशी जराशी या बाजूले करत. माझे पाय वाजतेत का ते आयकत होते. पाय वाजले का पुन्हा चालत."

मान कशी, हे तिने करून दाखवले. बुवांची तिच्याकडे पाठ होती. काकींनी पाहिले आणि तशीच मान करून बुवांना दाखवली. मी दाराबाहेर उभा होतो. माझ्या वहीत वडिलांची सतरा मापे लिहिलेली होती, त्यात हे नव्हते.

तिसरी तसबीर बुवांनी पाठमोरी काढली. पाळीवर थांबलेला माणूस, डाव्या खांद्यावर फावडे, मान किंचित कललेली. त्यात तोंड नसल्यामुळे बुवांचा हात कमी आणि काकींचा जास्त लागला. काकी मिलच्या फाटकापर्यंत येऊन मला विचारून गेल्या, "तुझ्या मायले विचार, पानी कोन्या बाजूले होतं?" आईने सांगितले, जाताना डावीकडे. म्हणून तसबिरीत पाणी डावीकडे आहे.

वैशाखात ती खुंटीला लागली आणि भांडणे सुरू झाली. गजानन म्हणाला, "बाबा, पाठीचे पैसे कोन देते? लोक हासून राहिले." काका म्हणाले, "श्राद्धाच्या दिवशी गंध कोठी लावाव? डोक्याच्या मागं?" मलाही खरे म्हणजे अवघड वाटत होते. पै-पाहुण्यांना काय सांगायचे? आई एकटी म्हणाली, "पायाले लावीन. तोंडाले कधी लावलं होतं?" 

जेठ महिन्यात एक बांगड्या विकणारी बाई माठाजवळ टेकली. तिने मान वर केली आणि म्हणाली, "आता बया, पाळीवाले दाजीबा इकडं कोठी चालले?" वडिलांना पंचक्रोशीत याच नावाने ओळखत. बुवा उठले, चौकट उलटी केली आणि रेघ ओढली. आषाढाच्या सुरुवातीला धानाची गाडी घेऊन आलेला एक गाडीवान म्हणाला, "हा खांदा दाजीबाचा हाय. एकदा माझी गाडी चिखलात बसली तवा याच खांद्यानं उचलली होती." दुसरी रेघ. बुवा त्या दिवशी मिलच्या काट्यावर स्वतः चालत आले. फाटकातून बोटे दाखवून म्हणाले, "दोन!" आणि परत गेले. एवढ्या चालण्याने त्यांना धाप लागली होती.

नंतर पाऊस लागला, रोवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली. रोवणीच्या दिवसांत आमच्याकडचा माणूस बांधावरून हलत नाही. गोंदियाला यायचे नावच नाही. चित्रशाळा ओस पडली. बुवांना दमा होता, तो श्रावणात वाढला. गजाननला याच दिवाळीनंतर दालन मोडून तिथे फोटो काढायचा स्टुडिओ घालायचा होता. वरच्या कौलांऐवजी काचा, मागे रंगवलेला पडदा, बसल्या जागी फोटो. त्याचे चूक होते असे मी म्हणणार नाही. वर्षाला आठ-दहा तसबिरींवर घर चालत नव्हते, हे मला आकडे न मांडताही दिसत होते.

भादव्यात मी बुवांना पाहायला गेलो. दुकानामागच्या खोलीत ते उशांना टेकून बसले होते. आडवे झाले की धाप लागे. मला पाहून त्यांनी हाताने बसायला सांगितले. थोड्या वेळाने म्हणाले, "बाबू, वडील कुठवर आले?"

 मला कळत होते की "आले" एवढे म्हटले तर या माणसाला आज झोप लागेल. तिसरा कोण, कुठला, हे बनवून सांगणे काही अवघड नव्हते. काकी दारात उभ्या होत्या, त्याही माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हणालो, "अजून दोनच रेघा आहेत, बुवा."

त्यांनी डोळे मिटले. मग हसल्यासारखे केले. "काट्यावरचा मानूस तू," म्हणाले. त्यात कौतुक होते की आणखी काही, ते मला आजही ठरवता आलेले नाही. नवव्या दिवशी ते गेले.

घरी येऊन आईला सांगितले तेव्हा ती माझ्यावर चिडली. "हो म्हनून द्याचं होतं. काय गेलं असतं तुझं?"  ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

बुवांचे तेरावे झाले आणि गजानन आमच्याकडे आला. म्हणाला, "भाऊ, आता नियम पाळनाराच गेला. तसबीर घेऊन जा. वीस रुपये द्या, तेबी जमल तसे." मी आईकडे पाहिले. तिला तीन वर्षांपासून हवी असलेली वस्तू माणूस दारात आणून देत होता. आई चुलीपुढून उठली, पदराला हात पुसले.

"तिसरी रेघ झाली का?"

"नाही. पन मावशी..."

"मंग वाटेवर हायेत अजून. राहू दे तिकडंच."

"दिवाळीनंतर दालन मोडून राहिलो मी. मंग कुठं टांगू? मागच्या, वाट चुकलेल्यायच्या भिंतीले?"

"टांग मागच्या भिंतीले. पन अर्ध्या वाटेवरून मी त्यायले आनत नाई. बुवानं एकबी तसा आनला नाई."

गजानन पाणीसुद्धा न पिता गेला. मला वाटले, आईने हट्ट केला आणि सगळेच घालवले. दिवाळी झाली. काचांची पेटी कलकत्त्याहून यायची होती, ती उशिरा आली, म्हणून दालन तेवढे दिवस उभे राहिले. भिंतीवरच्या पुष्कळ तसबिरी गजाननने घरोघर पोचवल्या होत्या. आमची मात्र त्याने अजून खुंटीवरच ठेवली होती.

मार्गशीर्षात, कापणी उरकल्यावर, एका दुपारी तो सायकलवरून मिलवर आला. मी काट्यावर होतो. समोर धानाचे बोरे लागलेले, हमाल खोळंबलेले. त्याने सायकल तशीच आडवी टाकली आणि उजवा हात माझ्यापुढे धरला. बोटांना खडू लागला होता.

"मी ओढली भाऊ. तिसरी."

"विचारलं तर नाहीस त्याला?" मी पहिल्यांदा हेच म्हणालो, याची मला नंतर लाज वाटली.

"बाबाची शपथ. मी माप घेऊन राहिलो होतो, कौलं किती लागतीन ते. तिकडं पाह्यतबी नव्हतो."

झाले होते असे. चिचगडकडचा एक म्हातारा हिरडा विकायला गोंदियाला आला होता. दालनाचे दार उघडे दिसले म्हणून पाणी प्यायला आत शिरला. तसबिरीपुढे उभा राहिला. मग आपल्याशीच म्हणाला, "थांबला हाय. मागून बायको येऊन राहिली असन." गजाननने मान वर केली तेव्हा म्हातारा त्याला म्हणाला, "याच्याबरोबर दोन उन्हाळे पाळीवर माती टाकली मी. दाजीबा. बोलत नव्हता, पन बायको मागं राहिली का असाच थांबे. आमी सारे हासत होतो त्याले." एवढे बोलून त्याने हिरड्याची पिशवी उचलली आणि बाजारात गेला. नाव विचारायचे गजाननला सुचले नाही.

मी मालकाला सांगून अर्धा दिवस सुटी घेतली आणि गावी जाऊन आईला घेऊन आलो. दिवे लागायच्या आधी आम्ही पोचलो. काकी दुकानात बसल्या होत्या. कपाळ मोकळे, हातात सरसाचे भांडे. चौकटींचे काम त्यांनी सोडले नव्हते. मी खिशातून पैसे काढले. काकींनी हात पुढे केला नाही. आईकडे पाहून म्हणाल्या, "आले?"

"आले," आई म्हणाली.

"कोनी वळखलं?"

गजानन सांगायला लागला तर काकींनी त्याला थांबवले. त्यांना ते आईच्या तोंडून ऐकायचे होते. आईने चिचगडच्या म्हाताऱ्याचे बोलणे जसेच्या तसे सांगितले. "मागून बायको येऊन राहिली असन" इथे ती अडली, आणि काकींनी ते वाक्य तिला पुन्हा म्हणायला लावले. मग त्यांनी भांडे खाली ठेवले, हात लुगड्याला पुसला आणि पुढे केला.

गजानन वीस म्हणाला होता, पण ठरले होते तीस. दहाच्या तीन नोटा. आईने त्या माझ्या हातातून घेतल्या आणि काकींच्या हातात दिल्या.